'व्हे' की 'व्हा'?
फ्रेंचच्या तासाला फळ्यावर 'झ व्हे पार्तीर', म्हणजे 'मी आता निघणार', लिहिलं की कुणीतरी अडवतंच: "सर, क्रियापद 'आले', म्हणजे 'जाणं', मग हे 'व्हे' कुठलं?"

लॅटिन 'वादेरे'चं. 'जाईन' या अर्थाचं 'इरे' मात्र 'ईरे'चं. एका क्रियापदात वेगवेगळी कुळं नांदतात, आपल्या 'जातो' आणि 'गेला'सारखी. आधी 'व्हे पार्तीर'मधलं 'व्हे' खरोखरच पायांनी जाणं होतं. पंधराव्या शतकाच्या सुमारास ते भविष्यकाळाकडे वळलं.

मी रमतो तो १६४७ मध्ये. व्याकरणकार व्होझलानं तेव्हा नोंदवलं, की शिकलेले 'झ व्हे' म्हणतात, पण दरबार 'झ व्हा' म्हणतो. 'व्हे' दरबाराला गावंढळ वाटतं! आज वहीत 'झ व्हा' दिसलं की मी लाल रेघ मारतो, जरा ओशाळूनच.