पेटीतली हवा: कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा तापलेला इतिहास

आजचा विषय आहे एक पत्र्याची पेटी. बाहेरदेशी तिला केस म्हणतात. आपल्याकडे केस म्हटलं की एकतर डोक्यावरचे नाहीतर कोर्टातली, म्हणून आपण म्हणतो कॅबिनेट.

आधी माझी फजिती सांगतो. नागपूर, मे महिना. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टचं सबमिशन. रात्री अकराला व्हिडिओ रेंडरला लावला आणि वीस मिनिटांत स्क्रीन काळी. पुन्हा सुरू केला, पुन्हा काळी. पीसी नवाकोरा होता. बाबांनी जुनी स्कूटर बदलायला साठवलेले पैसे मला दिले होते. पार्ट्स मी निवडले होते आणि कॅबिनेट तर फक्त फोटो बघून. समोर अख्खी काच, आत तीन रंगीत पंखे. शेवटी वैतागून बाजूचं पॅनेल काढलं, टेबलफॅन समोर लावला, आणि रेंडर पहाटेपर्यंत सुरळीत चालला. मशीन चांगलंच होतं, फक्त त्याचा श्वास कोंडला होता. पंखे गरगर फिरत होते, पण समोर काच. हवा येणार कुठून?

त्यानंतर मी या पेटीचा इतिहास वाचायला घेतला. आणि बघतो तर काय, माझ्यासारखीच चूक मोठमोठ्या लोकांनी आधीच करून ठेवलेली!

सुरुवात १९७७ पासून करू. ॲपल टू या कॉम्प्युटरमध्ये पंखा नव्हता. रॉड होल्ट या इंजिनिअरने त्यासाठी स्विचिंग पद्धतीचा पॉवर सप्लाय बनवला. तो कमी तापायचा, म्हणून पंख्याशिवाय भागलं. आपण दुकानात ज्याला एसएमपीएस म्हणतो ना, त्यातला पहिला एस हाच. मग १९८० मध्ये आला ॲपल थ्री. स्टीव्ह जॉब्सला पंख्याचा आवाज नको होता, त्यामुळे इथेही पंखा नाही. उष्णता ॲल्युमिनियमच्या जाड सांगाड्यातून बाहेर जाईल असा हिशोब होता. प्रत्यक्षात चिप्स सॉकेटमधून सैल व्हायला लागल्या. ग्राहकांना सल्ला काय मिळाला? मशीन काही इंच उचला आणि टेबलावर आपटा, चिप्स परत बसतील! सगळा दोष उष्णतेचा नव्हता, बोर्डाच्या रचनेतही गडबडी होत्या. पण सुमारे १४,००० मशीन्स बदलून द्यावी लागली.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९८१ मध्ये, आयबीएमचा पीसी आला. त्याचा पॉवर सप्लाय ६३.५ वॅटचा आणि त्यातच एक पंखा. आज आरटीएक्स ३०६० सारखं मधल्या दर्जाचं एकटं ग्राफिक्स कार्ड १७० वॅट घेतं. म्हणजे तेव्हाच्या अख्ख्या पीसीच्या अडीच पटीहून जास्त.

१९९३ मध्ये पेंटियम आला आणि सीपीयूच्या डोक्यावर हीटसिंक, पंखा ही नेहमीची गोष्ट झाली. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स ही रचना ठरवली. बोर्ड कुठे, स्क्रूची भोकं कुठे, हे आजही बरंचसं तिच्याच मापाने चालतं. पण एक गंमत आहे. मूळ कल्पना अशी होती की एसएमपीएसच्या पंख्याने बाहेरची हवा आत ओढून सीपीयूवर सोडायची. एका पंख्यात दोन कामं, खर्चही कमी. अडचण एवढीच की एसएमपीएसमधून येणारी हवा तिथेच गरम व्हायची. गरम तव्यावरून आलेल्या वाऱ्याने चहा कसा निवणार? शेवटी पंख्याची दिशा उलटी झाली. एसएमपीएस गरम हवा बाहेर फेकू लागला.

मग आलं २००४, आणि पेंटियम ४ चं प्रेस्कॉट रूप. काही मॉडेल्स ११५ वॅटपर्यंत जायची. इंटेलने कॅबिनेट बनवणाऱ्यांना सांगितलं की सीपीयूच्या पंख्यापाशी पोचणारी हवा ३८ अंशांच्या आसपास राहायला हवी. त्यातून आलं बाजूच्या पॅनेलला लावलेलं प्लॅस्टिकचं नरसाळं. घरी जुना डबा पडला असेल तर बघा, कदाचित दिसेल. इंटेलने बीटीएक्स नावाची नवी मांडणीही आणली. तिच्यात सीपीयू अगदी पुढे, म्हणजे थंड हवा आधी त्यालाच. कल्पना चांगली, पण त्यासाठी बोर्ड नवा, कॅबिनेट नवं. तेवढ्यात २००६ च्या जुलैमध्ये कोअर टू ड्युओ आला, साधारण ६५ वॅटचा. पेटी बदलण्यापेक्षा चिपच थंड करणं सोपं ठरलं आणि त्याच वर्षी बीटीएक्सचं काम थांबलं.

समोरून थंड हवा आत, मागून-वरून गरम हवा बाहेर, ही वाट मात्र पक्की झाली. २००६ चंच अँटेक नाइन हंड्रेड बघा: समोर जाळी, वर २०० मिलिमीटरचा भलामोठा पंखा. हा धडा गिरवून झाला होता. तरी दहा-बारा वर्षांत काचेची लाट आली आणि समोरची जाळी बंद झाली. मग लोकांनी तापमान मोजून दाखवायला सुरुवात केली आणि जाळी परतली. २०२० मध्ये कॉर्सेअरने ४०००डी हे एकच कॅबिनेट दोन रूपांत काढलं, एक बंद तोंडाचं आणि एक एअरफ्लो नावाचं, जाळीचं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. इथे मागचे पुन्हा त्याच दगडावर!

तर पहिला पीसी बांधताय, बजेट कमी आहे, लॅमिंग्टन रोडवर उभे आहात किंवा फोनवर स्क्रोल करताय. काय बघाल?

एक, समोर जाळी हवी. काच हवी तर बाजूला घ्या. दोन, पुढे दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा. एवढ्यात बहुतेकांचं भागतं. रंगीत दिव्यांचे पैसे तिसऱ्या पंख्यात घाला. तीन, आपल्याकडची धूळ माहीत आहे ना? काढून धुता येईल अशी फिल्टरची जाळी हवीच, आणि महिन्यातून एकदा ती खरंच धुवा. चार, ग्राफिक्स कार्डची लांबी आणि कूलरची उंची मिलिमीटरमध्ये जुळवूनच पैसे द्या.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. पंखा हवा हलवतो, थंड करत नाही. कॅबिनेटच्या आत खोलीपेक्षा कमी तापमान कधीच मिळणार नाही. विदर्भातल्या मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकते, तिथे इंटेलचे ते ३८ अंश सुरुवातीलाच संपले. म्हणून डबा भिंतीला चिकटवू नका, टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबू नका.

पीसी आधीपासून आहे? मग माझीच चाचणी करा. गेम चालू असताना तापमान बघा, बाजूचं पॅनेल काढा, दहा मिनिटांनी पुन्हा बघा. आठ-दहा अंशांनी उतरलं, तर दोष पेटीचा.

माझं काचेचं कॅबिनेट मी विकलं आणि साधं काळं, जाळीचं घेतलं. वर थोडे पैसे उरले. बाबा अजून तीच स्कूटर चालवतात. नवीन डबा बघून म्हणाले, "आधीचा दिसायला बरा होता रे." मी म्हटलं, "हो बाबा, पण हा चालतो." ते हसले. त्यांच्या स्कूटरचंही तेच आहे.

पुढच्या भागात भेटू. तोवर फिल्टर धुवा!