वाहनतळ-नियमन, लंडनमधील

सार्वजनिक रस्त्यावर वाहने कोठे, किती वेळ व कोणत्या अटींवर उभी करावयाची हे ठरविणे, अटींचा भंग करणाऱ्यांकडून दंड वसूल करणे आणि त्याविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणे, या तिन्ही गोष्टींचा वाहनतळ-नियमनात समावेश होतो. लंडनमध्ये यांपैकी अंमलबजावणी व वसुली ही कामे विसाव्या शतकाच्या अखेरीस पोलीस व फौजदारी न्यायालये यांच्याकडून स्थानिक संस्थांकडे आली. त्यामुळे नियम करणारी संस्थाच दंडाची धनी झाली. तिच्या या हितसंबंधाला मर्यादा कशी घालावयाची, हा या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

उगम : इंग्लंडमधील परंपरागत विधीनुसार रस्ता हा ये-जा करण्यासाठी असतो; त्यावर वाहन अकारण उभे ठेवणे हा सार्वजनिक उपद्रव ठरतो. चेअरिंग क्रॉस येथे प्रवासी घोडागाड्या दीर्घकाळ उभ्या ठेवल्याबद्दलच्या १८१२ मधील खटल्यात न्यायाधीश लॉर्ड एलनबरो यांनी राजमार्ग म्हणजे तबेल्याचे आवार नव्हे, असा निर्वाळा दिला होता. मोटारींची संख्या वाढल्यावर मात्र हे तत्त्व अपुरे पडू लागले. प्रत्येक प्रकरणी रीतसर खटला भरावा लागे व त्यात पोलिसांचा आणि दंडाधिकाऱ्यांचा बराच वेळ खर्ची पडे.

अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथे कार्ल मॅगी या पत्रकाराच्या कल्पनेतून १६ जुलै १९३५ रोजी पहिला पार्किंग मीटर बसविण्यात आला. दुकानांसमोरील जागा दिवसभर अडवून ठेवणाऱ्या मोटारी हटवून ग्राहकांस जागा मोकळी करून देणे, हा त्याचा हेतू होता. ब्रिटनमध्ये १९५६ च्या रस्ता वाहतूक अधिनियमाने मीटर बसविण्यास वाव दिला व १० जुलै १९५८ रोजी वेस्टमिन्स्टरच्या मेफेअर भागात ते प्रथम सुरू झाले. तासाला सहा पेन्स असे त्यांचे शुल्क होते.

पोलिसी अंमलबजावणी : मीटर आले, तरी त्यांवर देखरेख करण्यास पुरेसे पोलीस नव्हते. म्हणून १९६० च्या अधिनियमाने ट्रॅफिक वॉर्डन हा नवा सेवकवर्ग निर्माण केला. हे वॉर्डन पोलीस यंत्रणेच्या अखत्यारीत असत. त्याच अधिनियमाने ठराविक रकमेच्या दंडाची पद्धतही सुरू केली. वाहनाला लावलेल्या चिठ्ठीप्रमाणे दंड भरल्यास वाहनचालकाची खटल्यातून सुटका होई. वाहन कोणी उभे केले हे सिद्ध करणे अवघड असल्याने १९७४ मध्ये अशा दंडाचे दायित्व वाहनाच्या मालकावर टाकण्यात आले. तरीही थकबाकी उरतच असे. १९८३ मध्ये लंडनमध्ये वाहनाचे चाक जखडून ठेवणारा लोखंडी जॅमर वापरण्यास प्रारंभ झाला. अमेरिकेतील डेन्व्हर शहराचे पोलीस १९५५ पासून हे साधन वापरीत असत.

या व्यवस्थेत एक मूलभूत विसंगती होती. रस्त्यावरील जागांचे नियम स्थानिक परिषदा करीत. परंतु नियमभंगाचा ठराविक दंड मध्यवर्ती शासनाच्या तिजोरीत जाई आणि अंमलबजावणी पोलिसांवर अवलंबून राही. गंभीर गुन्ह्यांच्या तपासापुढे पोलिसांच्या दृष्टीने या कामाला गौण स्थान असणे स्वाभाविक होते.

१९९१ चा अधिनियम : रस्ता वाहतूक अधिनियम, १९९१ अन्वये लंडनमधील बहुतेक वाहनतळविषयक नियमभंग फौजदारी गुन्ह्यांच्या कक्षेतून वगळण्यात आले व ते दिवाणी स्वरूपाचे देणे मानले जाऊ लागले. वॉन्ड्झवर्थ बरोने १९९३ मध्ये ही व्यवस्था प्रथम स्वीकारली आणि जुलै १९९४ पर्यंत ती ३२ बरो व सिटी ऑफ लंडन येथे लागू झाली. दंडशुल्क परिषदेकडे जमा होऊ लागले. तथापि परिषदेने आपल्याच दाव्याचा अंतिम निवाडा करू नये, म्हणून अपिले ऐकण्यासाठी अनुभवी विधिज्ञांची स्वतंत्र निवाडा-अधिकारी म्हणून नेमणूक करण्याची तरतूद याच अधिनियमात करण्यात आली.

वाहतूक व्यवस्थापन अधिनियम, २००४ मधील संबंधित तरतुदी ३१ मार्च २००८ पासून अंमलात आल्या. त्यांनुसार दंडशुल्क १४ दिवसांत भरल्यास निम्मी सूट मिळते. २८ दिवसांत ते न भरल्यास मालकास नोटीस जाते. मालक प्रथम परिषदेकडे निवेदन व ते फेटाळल्यास निवाडा-अधिकाऱ्याकडे अपील करू शकतो. यांपैकी काहीच न केल्यास रक्कम ५० टक्क्यांनी वाढते, नॉर्थॅम्प्टन येथील काउंटी न्यायालयाच्या केंद्रात तिची ऋण म्हणून नोंद होते व अखेर जप्तीचा अधिकार वापरता येतो.

उत्पन्नावरील मर्यादा : रस्ता वाहतूक नियमन अधिनियम, १९८४ च्या कलम ५५ प्रमाणे या बाबीचा हिशेब स्वतंत्र ठेवावा लागतो आणि शिल्लक रक्कम वाहनतळ, सार्वजनिक वाहतूक, रस्तेसुधारणा अशा विहित कामांवरच खर्च करता येते. २००८ च्या शासकीय मार्गदर्शनानुसार परिषदांनी किती चिठ्ठ्या द्यावयाच्या याची उद्दिष्टे ठरवू नयेत, असे अपेक्षित आहे. बार्नेट बरोने २०११ मध्ये रहिवाशांच्या पहिल्या मोटारीच्या वार्षिक परवान्याचे शुल्क ४० पौंडांवरून १०० पौंडांवर नेले. इतर वाहतूक-खर्चासाठी जादा उत्पन्न मिळविणे हा या वाढीचा हेतू होता. उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही वाढ बेकायदेशीर ठरविली. १९८४ चा अधिनियम रहदारीच्या नियमनासाठी असून कर उभारण्यासाठी नाही, हे तत्त्व त्यामुळे दृढ झाले. शिल्लक योग्य कामावर खर्च करणे पुरेसे नाही. शुल्क लावण्याचा मूळ हेतूही वैध असला पाहिजे, असा या निर्णयाचा आशय आहे. २०१५ मध्ये इंग्लंडमध्ये मुदत संपल्यावर दहा मिनिटांची सवलत देण्यात आली आणि कॅमेऱ्यांच्या आधारे टपालाने दंड पाठविण्यावर निर्बंध आले.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११७ अन्वये वाहने उभी करण्याच्या जागा राज्य शासन किंवा त्याने प्राधिकृत केलेला अधिकारी स्थानिक संस्थेच्या विचाराने ठरवितो. नियमभंग हा येथे अपराध असून वाहन हलविण्याचा अधिकार कलम १२७ नुसार गणवेशातील पोलीस अधिकाऱ्यास असतो. महाराष्ट्रातील शहरांत महानगरपालिका सशुल्क वाहनतळ चालवितात, तर वाहतूक पोलीस राज्य शासनाच्या अखत्यारीत असतात. लंडनमध्ये १९९१ पूर्वी नियमकर्ता व अंमलबजावणी करणारा यांच्यात जी फारकत होती, तिच्याशी ही स्थिती काही अंशी मिळतीजुळती आहे. ही फारकत दूर केल्यास अंमलबजावणी कार्यक्षम होऊ शकते. पण स्वतंत्र अपील व उत्पन्नावरील विधिनियंत्रण यांच्या अभावी नियमनाचे करवसुलीत रूपांतर होण्याचा धोका संभवतो, असे लंडनच्या अनुभवावरून दिसते.