तळटीप : ब्लॅकजॅक
* ब्लॅकजॅक : शब्दशः ‘काळा गुलाम’, पण या खेळात गुलामाला वेगळा मान नाही. राजा, राणी, गुलाम प्रत्येकी १०; एक्का सोयीप्रमाणे १ किंवा ११; बाकी पाने अंकांप्रमाणे. लढत इतर खेळाडूंशी नसून एकट्या डीलरशी. बेरीज २१च्या जवळ न्यायची. ओलांडली की ‘बस्ट’. मग पाठोपाठ डीलरही बुडाला, तरी आपले पैसे गेले ते गेलेच. (कॅसिनोची खरी मिळकत या क्रमातच आहे.) कथानायक मोबाइलवर ‘सोळावर थांबलो’ म्हणतो, ते ‘स्टँड’, आणखी पान मागणे म्हणजे ‘हिट’. डीलरला मर्जी नाही : १६पर्यंत पान घ्यायचे, १७ झाले की सहसा थांबायचे. पहिल्या दोन पानांतच एक्का आणि दहाचे पान आले की ब्लॅकजॅक. १०० रुपयांवर १५० मिळतात, काही टेबलांवर १२०च. एडवर्ड थॉर्प यांनी १९६२च्या पुस्तकात मांडलेली पाने मोजण्याची युक्ती इथे बहुधा चालत नाही, कारण संगणक दर डावाला कॅट नव्याने पिसतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर भारतात २०२५च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे. — संपा.