क काना का

आमच्या आज्यानं धूळपाटी गिरवलेली. फळीवर विटकरीची भुकटी पसरायची, पंतोजीच्या धाकानं बोटानं अक्षर काढायचं, मोडायचं, पुन्हा काढायचं. तोंडानं 'ओ ना मा सी धं' चालूच. मूळचं ते 'ॐ नमः सिद्धम्', हे आज्याला शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. पण त्यातनंच 'ओनामा' हा शब्द मराठीत आला. आज्याला सही येई आणि एक पोथी तोंडपाठ होती. तो ती वाचायचा की म्हणायचा, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडला नाही. मला पडला, तो अक्कामुळं.

१९६१ साली मी बिगरीत बसलो. शाळा मारुतीच्या देवळात, गुरुजी एकच आणि वर्ग सगळे त्यांच्याचकडं. अक्का माझ्याहून तीन वर्षांनी थोरली, पण घरची पोरं सांभाळण्यात तिची शाळा राहिलेली. म्हणून ती माझ्याच बरोबर दाखल झाली, तीही धाकट्याला कडेवर घेऊन. गुरुजी चौथीची गणितं घेत असले की आम्ही बारक्यांनी ओरडायचं: क काना का, क ला पहिली वेलांटी कि. पार विहिरीपर्यंत ऐकू जायचं. पाणी शेंदणाऱ्या बाया म्हणायच्या, "आज शाळा लई जोरात हाय."

ह्या ओरडण्यात अक्का सगळ्यांच्या पुढं. जात्यावरची ओवी दोनदा ऐकली की तिला पाठ व्हायची, तिथं बाराखडीची काय कथा! पहिलीचं पुस्तक तिनं नुसतं ऐकून पाठ केलं. कुठं पान उलटायचं हेसुद्धा तिला माहीत. गुरुजी खूश होते.

मग एक दिवस तपासणीला साहेब आले. आम्ही त्यांना दिपोटी म्हणायचो. अक्कानं धडा घडाघडा म्हटला. साहेबांनी ओळीच्या मधोमध बोट ठेवलं. "हा शब्द वाच." ती पुन्हा ओळीच्या सुरुवातीपासून म्हणायला लागली. त्यांनी थांबवलं. ती बराच वेळ त्या बोटाकडं बघत राहिली आणि म्हणाली, "ग... व... त."

"म्हणजे काय?"

अक्का गप्प. रोज संध्याकाळी डोईवर गवताचा भारा आणणारी पोर, तिला गवत ओळखता येईना.

मराठी जशी बोलतात तशी लिहितात, म्हणून ती वाचायला सोपी, असं आपण मानतो. बरंचसं खरंही आहे. आपल्या अक्षराचं नाव आणि त्याचा आवाज एकच. पण त्या नावात 'अ' दडलेला असतो आणि शब्दाच्या शेवटी तो आपण गिळतो. 'ग', 'व', 'त' असं सुटं म्हटलं की कानाला तीन लांबलचक आवाज ऐकू येतात, त्यात गवत कुठंच नसतं. आवाज जवळ आणून जोडावे लागतात. ते जोडणं आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. पहिल्या वेलांटीची तर वेगळीच तऱ्हा, लिहायची अक्षराआधी आणि उच्चारायची नंतर. आणि 'ण बाणाचा'? आमच्या घरात बाण नव्हताच, बान होता. पाणी नव्हतं, पानी होतं. अक्कानं एकदा पुस्तकातलं 'पाणी' बरोबर ओळखून 'पानी' म्हटलं, तर पाठीत धपाटा बसला. त्या दिवशी ती खरंतर वाचत होती.

साहेब गेल्यावर गुरुजी वडलांना म्हणाले, "पोरगी ठोंब हाय. गुरांमागं घाला." वडलांना तेवढंच पाहिजे होतं.

त्याच काळात ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम चाललं होतं. १९४५ ला बोर्डीत सुरू झालेलं ते काम १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथं पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात होती. कडेवर पोर घेऊन येणाऱ्या मुलीला तिथं पोर ठेवून शिकता येत होतं. गुरं राखणाऱ्यांसाठी तर शाळाच कुरणात जायची. आमच्या माणदेशात त्याची कुणकुणही नव्हती.

१९७५ ला मी स्वतः मास्तर झालो, आणि काय केलं? तेच. फार तर 'क ख ग' सोडून 'ग म भ न' धरलं. ही अक्षरं दिसायला सारखी, एकातनं दुसरं निघतं, हाताला सोपं जातं. पण सोय हाताची, कानाची नव्हे. दरवर्षी चार-पाच पोरं गळायची. मी शेरा मारायचो, 'पालकांचे दुर्लक्ष'.

१९९० च्या सुमारास फलटणला मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेची पद्धत पाहिली. बाई अमेरिकेत जन्मलेल्या, भाषाशास्त्र शिकलेल्या, फलटणच्याच झालेल्या. अख्खी मुळाक्षरं संपायची वाट बघायची नाही. थोडी अक्षरं आणि एखादं स्वरचिन्ह घ्यायचं आणि लगेच पोरांच्या ओळखीचे शब्द करायचे. एवढी साधी गोष्ट पंधरा वर्षं माझ्या डोक्यात का आली नाही, ह्याची लाज वाटली.

त्या वर्षी भाऊबीजेला अक्काकडं गेलो तेव्हा पिशवीत पाटी होती. ओवाळून झाल्यावर ओट्यावर बसलो. र, न, म, क आणि काना, एवढंच घेतलं. अक्षर म्हणताना ताणायचं नाही, चटकन पुढच्याला चिकटवायचं, असं सांगितलं. तिनं आधी 'कान' लावला, मग 'नाक'. मग मी काही न बोलता 'रान' लिहिलं. तिचे ओठ दोनदा हलले.

"रान," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "एवढंच हुतं व्हय रं?"

मी काही बोललो नाही.

"मग मला मारलं कशापायी?"

गोठ्यात म्हैस हंबरत होती, धारेची वेळ झालेली. अक्का चरवी घेऊन उठली. मी पाटी पुसायला फडकं घेतलं, तशी दारातनं वळून म्हणाली, "ऱ्हाऊं दे. पुसू नगंस."