३ फेब्रुवारी : बडी हॉलीचे चाहते

१९५९ : आयोवातील क्लिअर लेकजवळ छोटे विमान कोसळून रॉक अँड रोल गायक बडी हॉली, रिची व्हॅलेन्स, जे. पी. रिचर्डसन आणि त्यांचा तरुण वैमानिक मरण पावले. हॉली अवघा २२ वर्षांचा होता. जेमतेम दोन वर्षांच्या कीर्तीवर इतकी माया मिळवणारा गायक विरळाच. आदल्या रात्री तो जिथे गायला, त्या सर्फ बॉलरूममध्ये १९७९ पासून याच सुमारास चाहते जमतात. कडाक्याच्या थंडीत बर्फ तुडवत शेतातल्या अपघातस्थळी जातात. एका चाहत्याने १९८८ मध्ये घडवलेली स्टीलची गिटार आणि तबकड्या तिथे उभ्या आहेत. लोक त्यापाशी फुले, नाणी, चक्क हॉलीच्या चष्म्यासारखे चष्मेही ठेवतात. लिव्हरपूलच्या पॉल मॅकार्टनी या चाहत्याने तर पुढे हॉलीच्या गाण्यांचे हक्कच विकत घेतले.