पणजोबांचं नाव जुन्या वर्तमानपत्रात कसं शोधायचं? नांदेड-लातूरकरांसाठी सोपी गाईड

मराठा आरक्षण आंदोलनानंतर २ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य सरकारनं हैदराबाद गॅझेटबाबत शासन निर्णय काढला आणि मराठवाड्यात पूर्वजांच्या नोंदींची चर्चा पुन्हा सुरू झाली. पण सगळ्यांच्याच घरी जुने कागद नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अनेक कुटुंबांची कागदपत्रंही ढिगाऱ्याखाली गेली. अशा वेळी जुनी वर्तमानपत्रं उपयोगी पडतात. मात्र नांदेड-लातूरसाठी हा शोध पुण्या-मुंबईपेक्षा वेगळा आहे.

आधी जुना नकाशा पाहा

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. लातूर जिल्हा तर १९८२ मध्ये तयार झाला. त्याआधी लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. म्हणजे १९७२ च्या दुष्काळातली लातूरची बातमी 'उस्मानाबाद जिल्हा' या मथळ्याखाली असू शकते.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात होते, तर किनवट आदिलाबादमध्ये. उलट तेव्हा नांदेडमध्ये असलेला मुधोळ-भैंसा भाग आज तेलंगणात आहे.

गावांची नावंही तपासा. जुन्या इंग्रजी मजकुरात नांदेडचं 'नांदेर' दिसतं आणि आंबेजोगाईचं 'मोमिनाबाद'.

कोणती वर्तमानपत्रं?

निजामाच्या राज्यात मराठी वर्तमानपत्र चालवणं सोपं नव्हतं. आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' हे साप्ताहिक संस्थानाबाहेर, पुण्यातून काढलं. निजाम सरकारची बंदी आली की ते नाव बदलून पुन्हा निघायचं. त्यामुळे त्या काळातल्या शोधात एकाच नावावर अडून राहू नका. पुढे अनंत भालेराव यांच्या संपादनाखाली 'मराठवाडा' औरंगाबादहून निघू लागला. १९४८ च्या आधीच्या घडामोडींसाठी पुण्याचा 'केसरी'ही पाहा. अलीकडच्या दशकांसाठी नांदेडचे 'प्रजावाणी' आणि 'गोदातीर समाचार', लातूरचं 'एकमत' हे स्थानिक पर्याय आहेत.

संस्थानाचा कारभार उर्दूत चालायचा, म्हणून हैदराबादची उर्दू वर्तमानपत्रंही तितकीच महत्त्वाची. १९४८ बद्दल तर दोन्ही भाषा वाचायलाच हव्यात. रझाकारांच्या अत्याचारांमुळे अनेक कुटुंबं सीमेपलीकडे गेली. पोलीस कारवाईनंतर मुस्लिमांवर हिंसाचार झाला. सुंदरलाल समितीच्या अहवालानुसार त्याची सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, नांदेड आणि बीदर होते. एकाच बाजूचं वर्तमानपत्र वाचलं, तर गावातली अर्धी माणसं तुमच्या शोधातून निसटतील.

तारखेचा घोळ कसा सोडवायचा?

निजामकाळातल्या कागदांवर फसली साल असतं. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू व्हायचं आणि त्याचा पहिला महिना होता 'आजूर'. हिशेब सोपा आहे: फसली सालात ५९० मिळवा. १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८ ची सुरुवात. नोंद जानेवारीनंतरच्या महिन्यांतली असेल तर ५९१ मिळवा.

नेमकं काय शोधायचं?

पहिल्या पानावर वेळ घालवू नका. सामान्य माणसाचं नाव आतल्या पानांवर येतं: जमीन खरेदीच्या जाहीर नोटिसा, कोर्टाच्या नोटिसा, निधनवार्ता, परीक्षांचे निकाल, ग्रामपंचायत आणि सोसायटीच्या निवडणुका.

आडनाव एकाच रूपात शोधू नका. एकच माणूस कुठे आडनावानं, कुठे 'पाटील' किंवा 'देशमुख' अशा वतनी नावानं, तर कुठे फक्त गावाच्या नावानं येतो. आजीचा शोध घेताना आजोबांचं नाव घ्या, कारण बायकांची नावं अनेकदा 'अमुक यांच्या पत्नी' अशीच छापली जायची.

दलित कुटुंबांना गावातल्या प्रतिष्ठितांच्या बातम्यांत आपली माणसं क्वचितच सापडतील. त्यांनी बाबासाहेबांच्या 'जनता' (१९३०) आणि 'प्रबुद्ध भारत' (१९५६) मधला सभा-परिषदांचा मजकूर आवर्जून पाहावा.

कुठे जायचं?

सुरुवात नांदेड किंवा लातूरच्या जिल्हा ग्रंथालयापासून करा. त्यानंतर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय विभागीय ग्रंथालय, पुण्याचं केसरी-मराठा ग्रंथालय आणि उर्दू मजकुरासाठी हैदराबादच्या अफजलगंजमधलं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, म्हणजेच जुनं आसफिया. जाण्याआधी फोन करून हव्या त्या वर्षाचे अंक आहेत का, फोटो काढू देतात का, हे विचारा.

वर्ष माहीत नसेल तर घरातल्या ज्येष्ठांना तारीख विचारू नका, प्रसंग विचारा. 'उमरीची बँक लुटली तेव्हा तुम्ही केवढे होता?' या प्रश्नाचं उत्तर मिळालं, की जानेवारी १९४८ हा खुंटा सापडतो.

कात्रण सापडलं, आता पुढे?

वर्तमानपत्राचं नाव, तारीख आणि पान क्रमांक दिसेल असा पूर्ण पानाचा फोटो घ्या. नुसत्या कापलेल्या बातमीला फारशी किंमत नाही.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. जात प्रमाणपत्र किंवा वारसाहक्कासाठी केवळ कात्रणावर विसंबू नका. तिथे शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, खासरा-पाहणी पत्रक, जन्म-मृत्यूच्या नोंदी असे सरकारी दस्तऐवज लागतात. कात्रणाचं काम वेगळं आहे: माणूस कोणत्या वर्षी, कोणत्या गावात होता हे ते सांगतं. ते कळलं की कोणत्या कार्यालयातलं कोणतं रजिस्टर मागायचं, हेही कळतं. तहसील किंवा शाळेत 'जुनं काही आहे का?' असं विचारण्यापेक्षा नेमकं गाव आणि नेमकं साल सांगून अर्ज करा. नोंद सापडण्याची शक्यता त्यानं कितीतरी वाढते.