ओल असतानाच: किंग ड्रॅगची कुळकथा

रस्त्यावरची माती पात्याने सारत जाणारा पिवळा मोटर ग्रेडर आता आपल्याकडे तालुक्याच्या गावापर्यंत ओळखीचा झाला आहे. त्याची कुळकथा एरवी अमेरिकेतल्या कारखान्यांची नावे ओळीने घेऊन सांगितली जाते: पेनसिल्व्हेनियातले सॅम्युएल पेनॉक, मग इंडियानातले जोसेफ ॲडम्स, पुढे मिनेसोटातली रसेल कंपनी आणि शेवटी 1931 मधला कॅटरपिलरचा स्वतःच्या इंजिनावर चालणारा ग्रेडर. ही वंशावळ खोटी नाही. पण तिच्यातून एक पूर्वज गळतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. तो म्हणजे मिसुरी राज्यात मेटलंड गावाजवळ शेती करणाऱ्या डेव्हिड वॉर्ड किंग यांनी 1896 मध्ये बनवलेला दोन लाकडांचा ड्रॅग. माती कशी हलवायची, हे कारखानदारांनी शोधून काढले. ती केव्हा हलवायची, हे किंग यांनी शोधून काढले. मातीच्या रस्त्याचे खरे दुखणे या दुसऱ्या प्रश्नात होते.

आधी ते दुखणे समजून घ्यायला हवे. अमेरिकेच्या केंद्र सरकारने 1904 साली ग्रामीण रस्त्यांची मोजदाद केली तेव्हा साडेएकवीस लाख मैलांच्या आसपास रस्ते भरले. त्यांपैकी खडी, मुरूम किंवा तत्सम काही टाकून सुधारलेले रस्ते जेमतेम सात टक्के होते. बाकी सगळी नुसती माती. हिवाळ्यात ती गोठायची, वसंतात वितळली की गाड्यांची चाके आसापर्यंत रुतायची, आणि तोच चिखल पुढे वाळला की चाकोऱ्यांचे कठीण कंगोरे उरायचे. देखभालीची रीत मात्र जुनीच होती. शेतकऱ्याने रस्ता-कर पैशांत भरण्याऐवजी वर्षातले काही दिवस रस्त्यावर राबून फेडायचा. हे दिवस साहजिकच शेतीच्या कामांतून सवड मिळेल तेव्हाचे, बहुधा उन्हाळ्याच्या अखेरचे. गावचे लोक जमायचे, कडेचे चर नांगराने उकरायचे आणि गवताच्या मुळांसकट निघालेली ढेकळे रस्त्याच्या मधोमध लोटायचे. त्या भुसभुशीत ढिगाला दाबून बसवणारे काहीच नसायचे. पहिल्या मोठ्या पावसात त्याचा पुन्हा चिखल व्हायचा, आणि पुढच्या वर्षीच्या कामाची सोय व्हायची. यात शेतकऱ्यांचा आळस होता असे मला वाटत नाही. मेहनत भरपूर होती, ती चुकीच्या वेळी होत होती.

यंत्रे याच रीतीच्या मदतीला आली. पेनॉक यांचे यंत्र 1870 च्या दशकातले: चाकांच्या चौकटीखाली तिरके लोखंडी पाते, पुढे घोडे, मागे पाते वरखाली करणारा माणूस. कडेची माती कापून ती मध्याकडे सरकवायची आणि रस्त्याला मधोमध उंचवटा द्यायचा, म्हणजे पाणी दोन्ही बाजूंच्या चरांत उतरेल, एवढे त्याचे काम. कल्पना चोख होती, पण पाते तिरके असल्यामुळे मातीचा रेटा सगळे यंत्रच बाजूला ढकलायचा. यावर ॲडम्स यांनी 1885 मध्ये जो उपाय काढला तो अभियांत्रिकीचा सुंदर नमुना आहे. त्यांनी चाके उभी न ठेवता रेट्याच्या विरुद्ध दिशेला कलती केली. ही कलती चाके आजच्या मोटर ग्रेडरच्या पुढच्या बाजूलाही दिसतात. त्याच काळात, 1883 मध्ये, कॅलिफोर्नियात जेम्स पोर्टियस यांनी माती खरवडून वाहून नेणाऱ्या फ्रेस्नो स्क्रेपरचे पेटंट घेतले. कालवे आणि लोहमार्गाचे भराव यांच्या कामाला त्याने गती दिली. म्हणजे किंग यांच्या आधी दहा-वीस वर्षे माती कापणारी, ढकलणारी, वाहणारी चांगली यंत्रे बाजारात होती. तरीही 1904 ची मोजदाद वर सांगितली तशी निघाली. यंत्रांच्या अभावाने रस्ते वाईट होते, हे उत्तर इथे पुरत नाही.

किंग यांचा पहिला ड्रॅग म्हणजे शेतात पडून असलेले सामान होते: थंडीने चिरलेला पंपाचा जुना लाकडी खांब आणि कुंपणाचा एक खांब. ते एकमेकांना समांतर जोडले, घोडे जुंपले आणि आपल्या फाटकापासून शेजाऱ्याच्या फाटकापर्यंत ओल्या रस्त्यावरून ओढले. पुढच्या पावसानंतर पुन्हा, आणि त्यापुढच्या पावसानंतर पुन्हा. त्यांनी नंतर अमेरिकेच्या कृषी खात्यासाठी याची माहितीपत्रिका लिहिली. ती 1908 मध्ये शेतकऱ्यांसाठीच्या पत्रिकांच्या मालेत निघाली. तिच्यातला ड्रॅग असा: दहा ते बारा इंच जाडीचा, सात ते नऊ फूट लांबीचा ओंडका उभा चिरायचा. दोन्ही फाळक्या तीस इंचांच्या अंतरावर, चिरलेली सपाट बाजू पुढे करून आडव्या दांड्यांनी जोडायच्या. पुढच्या फाळकीच्या खालच्या कडेला, चराकडच्या टोकाला, लोखंडाची पट्टी ठोकायची. साखळी अशी बांधायची की ड्रॅग रस्त्याला सरळ आडवा न राहता सुमारे 45 अंशांत तिरका चालेल. हाकणारा वर टाकलेल्या फळ्यांवर उभा राहतो आणि इकडेतिकडे सरकून आपल्या वजनाने ड्रॅग चालवतो: कापायचे असेल तेव्हा पट्टीच्या टोकाकडे, माती सोडायची असेल तेव्हा तिथून मागे.

लाकडाबद्दल त्यांनी जे लिहिले आहे ते मला या सगळ्या प्रकरणाची किल्ली वाटते. उत्तम लाकूड वाळलेल्या तांबड्या सीडरचे, वाळलेले एल्म किंवा अक्रोडही चालेल, आणि अगदी मऊ मेपल किंवा विलोसुद्धा ओक-हिकरीपेक्षा बरे. म्हणजे एरवी अवजारांसाठी जी कठीण, भारी लाकडे शेतकरी मुद्दाम शोधतो तीच इथे टाळायची. ड्रॅग एका माणसाला सहज उचलता यावा इतका हलका हवा. ज्या काळात ग्रेडर दरवर्षी अधिक जड आणि अधिक घोड्यांचा होत होता, त्या काळात एक शेतकरी हलकेपणाचा आग्रह धरतो, याचे कारण त्याच्या लेखी वजन हे साधनच नव्हते. माती मऊ असतानाच गाठली तर जोराची गरज उरत नाही.

मातीच्या अंगाने पाहिले की हे पटते. चिकणमातीचे कण चपटे आणि अतिशय बारीक असतात. ओल्या अवस्थेत त्या मातीवर सपाट फळी घासत गेली की ती मळली जाते, तिच्यातली छिद्रे बुजतात आणि वर एक सलग लेप चढतो. वाळल्यावर हा लेप कठीण होतो आणि पुढच्या पावसाचे बरेचसे पाणी आत मुरू देत नाही. पुढच्या खेपेला त्यावर आणखी एक लेप बसतो. शिवाय दर खेपेला थोडी माती मध्याकडे सरकते, त्यामुळे रस्त्याची पाठ वर्षभरात हळूहळू उचलली जाते आणि प्रत्येक थर रहदारीखाली घट्टही होतो. कोरड्या मातीवर यातले काहीच घडत नाही. तिथे फळी नुसती धूळ उडवते. अगदी पातळ चिखलातही घडत नाही, कारण तो फळीला लिबडतो. माती ओली असावी पण फळीच्या अंगावरून मोकळी घसरावी, एवढाच तो मधला काळ. पाऊस थांबल्यावर काही तासांत किंवा फार तर एखाद्या दिवसात तो निघून जातो. वर्षातून एकदा तारीख ठरवून जमणाऱ्या टोळीला तो सापडणे शक्य नव्हते. ज्याचे घर रस्त्याला लागून आहे, ज्याचे घोडे गोठ्यात आहेत आणि पाऊस पडल्यामुळे ज्याला त्या दिवशी शेतात उतरताच येत नाही, त्यालाच तो सापडणार. शेतकऱ्याचा रिकामा दिवस आणि रस्त्याच्या मातीची तयार घडी एकच असते, हे किंग यांचे खरे निरीक्षण.

आता आक्षेपांकडे. पहिला असा की यात नवे काय? ओंडका ओढून जमीन सपाट करणे हे शेतीइतकेच जुने आहे. आपल्याकडे नांगरटीनंतर ढेकळे फोडायला मैंद फिरवतात, तोही याच जातीचा. अमेरिकेतही किंग यांच्याआधी रस्त्यावर फळ्या ओढणारे लोक होते. हे सगळे मान्य करूनही मला मुद्दा ढळलेला दिसत नाही. मैंदाचे काम ढेकूळ फोडून माती मोकळी करण्याचे आहे, कारण बियाण्याला हवा आणि पाणी आत जायला हवे. रस्त्याला नेमके उलटे हवे. तेच अवजार ओल्या मातीवर, तिरके धरून, दर पावसानंतर फिरवले की जमीन मोकळी होण्याऐवजी मिटते. किंग यांचे श्रेय लाकडे जोडण्याचे नाही. त्यांनी त्या कामाला वेळ, कोन आणि आवर्तन दिले आणि ते शेजाऱ्याला करता येईल इतक्या साध्या शब्दांत सांगितले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ड्रॅगने चर खोदता येत नाहीत, टेकडी उतरवता येत नाही, खोल चाकोऱ्यांनी उद्ध्वस्त झालेला रस्ता नव्याने आखता येत नाही. ती कामे ग्रेडरचीच. खरेच आहे. पाण्याचा निचराच नसेल तर वरच्या लेपाला काही अर्थ नाही. पण इथे बांधणे आणि राखणे यांची गल्लत होते. ग्रेडरने बांधलेला रस्ता राखला नाही तर दोन पावसाळी महिन्यांत पुन्हा पूर्वीइतकाच खराब होतो, आणि लाखो मैलांचे रस्ते वारंवार ग्रेडरने घडवायला लागणारा पैसा ग्रामीण अमेरिकेकडे नव्हता. कोणी म्हणेल की ड्रॅगची महती गाणारी ती पत्रिका खुद्द किंग यांनीच लिहिलेली होती. तो संशय रास्त आहे, म्हणून साक्ष बाहेरची घ्यावी. रेल्वे कंपन्यांनी आपल्या गाड्यांतून किंग यांना गावोगाव व्याख्यानांसाठी फिरवले. त्यात त्यांचा सरळ स्वार्थ होता: शेतमाल स्टेशनापर्यंत पोचला तर वाघिणी भरणार. टपालखात्याने 1896 मध्येच घरपोच ग्रामीण टपालाचा प्रयोग सुरू केला होता, आणि वाटेवरचा रस्ता चालण्याजोगा नसेल तर ही सेवा मिळणे कठीण, हे शेतकऱ्यांना कळून चुकले होते. आयोवाने रस्त्यांवर ड्रॅग फिरवण्यासाठी कायदे केले. त्याच राज्यात 1910 मध्ये मिसुरी नदीपासून मिसिसिपी नदीपर्यंतचा सुमारे 380 मैलांचा मातीचा रस्ता ठरवलेल्या एकाच दिवशी शेतकऱ्यांनी आपापल्या तुकड्यावर ड्रॅग फिरवून सारखा केला. नुसत्या प्रचाराच्या जोरावर इतके लोक घोडे जुंपत नाहीत. फरक दिसला म्हणून त्यांनी ते केले.

वाळूच्या रस्त्यांवर हा उपाय चालत नाही, हे मात्र निर्विवाद आहे. वाळू मळली जात नाही, तिच्यावर लेप बसत नाही. उलट ती ओली असतानाच भक्कम असते. तिथे चिकणमाती आणून मिसळावी लागते.

मग ड्रॅग गेला कुठे? मोटारीने त्याला हटवले, असे सांगतात, आणि ते अर्धे खरे आहे. फोर्डची मॉडेल टी 1908 मध्ये आली आणि वेगाने धावणारी चाके वाळलेला लेप सोलून धूळ उडवू लागली. रहदारी वाढली तशी खडी आणि काँक्रीटची मागणी वाढली. 1916 च्या कायद्याने केंद्राचा पैसा राज्यांच्या रस्त्यांकडे वळला. देखभाल शेतकऱ्यांकडून पगारी माणसांकडे गेली. एका माणसाकडे काही मैलांचा ठरावीक तुकडा द्यायचा आणि त्याने तो सतत फिरून राखायचा, ही पद्धत रुजली. ही पद्धत किंग यांचीच, फक्त शेजाऱ्याच्या जागी नोकर आला. रसेल कंपनीने 1919-20 च्या सुमारास ट्रॅक्टरवर पाते बसवले ते या फिरत्या राखणदारासाठी. 1928 मध्ये कॅटरपिलरने रसेल विकत घेतली आणि 1931 मध्ये ‘ऑटो पॅट्रोल’ हा एकसंध ग्रेडर आणला. त्याचे तिरके पाते पेनॉक यांच्याकडून आले, कलती चाके ॲडम्स यांच्याकडून, आणि तो ज्या कामासाठी विकला जात होता ते काम, म्हणजे त्याच रस्त्यावर वारंवार येऊन थोडी थोडी माती मध्याकडे नेणे, हे ड्रॅगकडून.

अमेरिकेतले जवळपास एक तृतीयांश रस्ते आजही डांबर-काँक्रीटविना आहेत, आणि ते राखणाऱ्यांना पावसानंतर ओल असतानाच पाते फिरवायला शिकवले जाते. पण एका ग्रेडरकडे शेकडो मैल असले की प्रत्येक मैलावर तो ओलीच्या त्या काही तासांत पोचू शकत नाही. म्हणून कोरड्या दिवसांत त्याच्या पुढे पाण्याचा टँकर चालवावा लागतो, आणि रस्त्याकाठच्या शेतकऱ्याला जी ओल पावसाकडून फुकट मिळत होती तिच्यासाठी आता डिझेल, चालक आणि पाणी या तिन्हींचा खर्च अंदाजपत्रकात धरावा लागतो.